बोल्डिझारची शंका

मिरचीची मुळं कुजवणारी बुरशी थांबवील असा एखादा जिवाणू मातीतच असणार, या विश्वासावर एमोके हंगेरीतल्या सेगेड विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत कित्येक वर्षं काम करत होती. पूर्वी तिथे चौघं असायची. मग एआय एजंट आले. एक जगभरचे शोधनिबंध वाचायचा, दुसरा प्रयोग आखायचा, तिसरा यंत्रहाताकडून ते करवून घ्यायचा, चौथा आकडे तपासायचा. कुणाला काढलं नाही, पण गेलेल्यांच्या जागाही भरल्या नाहीत. सगळ्यात शेवटी बोल्डिझार व्हिएन्नाला गेला. तो होता तोवर दोघं दिवसभर वाद घालत.

एका मंगळवारी ती आली तेव्हा अहवाल तयार होता. जिवाणू सापडला होता. तिने अहवाल दोनदा वाचला. चूक नव्हती. यंत्रहात काचेच्या बशा सरकवत होता. तिने एजंटला लिहिलं, ‘सापडला!’

‘अभिनंदन. पुढची फेरी सुरू करू का?’

उत्तर न देता तिने बोल्डिझारला फोन लावला.

“सापडला रे.”

“तुझा तो आळशी जिवाणू? थापा मारू नकोस.”

“बुरशी मारतोय. खरंच.”

“एकाच शेतातली माती घेतली असशील. दुसरीकडे टिकायचा नाही तो. पाहिलंस का?”

पाहिलं होतं. सहा शेतांचे आकडे तिच्या समोरच होते.

“नाही,” एमोके म्हणाली. “ते राहिलंय.”

“राहिलंय? मग करता काय तुम्ही तिथे? थांब, शनिवारी येतो मी.”

तो सासऱ्यांच्या द्राक्षमळ्यातली माती पिशवीत घेऊन आला. दोघांनी हातांनी कुंड्या भरल्या, पाणी किती घालायचं यावरून वाद घातला. दुपारी एक आकडा पाहायला त्याने अहवाल उघडला आणि वाचतच राहिला.

“सहा शेतं झालीयत की यात.”

“हो.”

“तुला ठाऊक होतं.”

“होतं.”

तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने हात धुतले, सावकाश कोट चढवला.

“नुसतं ये म्हणाली असतीस तर?”

“आला असतास?”

त्याने विचार केला. “बहुतेक नसतो आलो.”

ती स्टेशनपर्यंत सोबत गेली. थंडीबद्दल, त्याच्या मुलीच्या शाळेबद्दल बोलणं झालं. गाडी सुटली.

सोमवारी तिने पुढची फेरी सुरू करायला सांगितलं. ती लगेच सुरू झाली. दुपारी एमोके खाली कॅन्टीनमध्ये गेली, मासळीचं सूप घेतलं आणि अनोळखी विद्यार्थ्यांच्या लांब टेबलाच्या टोकाला बसली. ते आपसांत कशावरून तरी वाद घालत होते. सूप संपल्यावरही ती बराच वेळ उठली नाही.