तव्याभोवती

१९६० सालचा हिवाळा. सरकारनं नवी शेती शिकायला काही शेतकरी जपानला पाठवले होते, त्यांत आमचे हे, बबनराव, होते. तिकडच्या एका शेतकऱ्याच्या घरी आठ महिने राहून ते घाटंजीला परत आले, पण एका जागी बसेनात. जेवताजेवता उठून दारापर्यंत जाऊन यायचे. कापूस वेचायला बाया लागल्या होत्या, तरी शेतात गेले की तासाभरात घरी. अशात तिकडून कागद आला: आणखी दोन वर्षं येता का, महिनाअखेर कळवा. ते जाऊ नयेत असं मला फार वाटायचं, पण तसं बोलायची सोय नव्हती.

म्हणून विचारलं, तिथं खायला काय आवडायचं. तेव्हा मात्र ते नीट बसून बोलले. दोऱ्यासारखा चिरलेला पत्ताकोबी, त्यात कणीक, अंडं, आणि वरून काळं आंबटगोड काहीतरी. ओकोनोमियाकी म्हणतात, म्हणाले.

सासूबाईंनी, वच्छलाबाईंनी, ऐकून घेतलं. "एवढा समुद्र ओलांडून गेला, अन् शिकून आला काय, तं कोबीचं धिरडं."

अंडं घरातल्या चुलीवर चालायचं नाही. मी अंगणात तीन दगड मांडले, चिंचगुळाचं पाणी आटवून ठेवलं, तव्यावर पीठ टाकलं. हाताला सवय थालीपिठाची. पाण्याचा हात लावून थापलं आणि तेलासाठी मधे भोकं पाडली.

"दाबू नको वो, फुगू दे त्याले," हे म्हणाले.

दुसरं बरं जमलं. त्यांनी तव्यावरच उलथन्यानं दोन तुकडे केले आणि समोरची जागा दाखवली.

"बस. तिथं सारे तव्याभोवती बसूनच खातात. घरची बाई बी."

दहा हातांवर बाजेवर मामंजी, म्हणजे सासरे, बसले होते. आमच्याकडं पुरुषांचे हात धुऊन झाल्यावर बायांची पानं. मामंजींसमोर मी कधी घास चावला नव्हता. मी मागून खाईन म्हटलं, आणि माझा तुकडा ताटाखाली झाकला. हे त्या ताटाकडं बघत राहिले. मग स्वतःचा तुकडा खाल्ला, चांगलं झालं म्हणाले, आणि उठले.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. सकाळी दाढी करून त्यांनी पाकीट चिकटवलं. येतो म्हणून लिहिलंय, असं मामंजींना सांगून ते बाहेर पडले. मी झाडत होते. अर्धं अंगण तसंच राहिलं. मीठ संपलं म्हणून सासूबाईंना खोटं सांगितलं आणि टोपली घेऊन निघाले.

पोस्टाच्या पेटीजवळ त्यांना गाठलं. रस्त्यात नवऱ्याला हाक मारायची माझी पहिलीच वेळ.

"ऐका. संध्याकाळी पुन्हा करते. मी बसते तुमच्यासंग."

"बाबा राहतीन ना बाजेवर."

"राहू द्या."

"अन् आई बोलन मंग."

"बोलू द्या. मले तुम्ही जायले नको."

ते पाकीट या हातातून त्या हातात करत राहिले. पेटीपाशी दोन माणसं येऊन, टपाल टाकून गेली. शेवटी पाकीट त्यांनी सदऱ्याच्या खिशात घातलं. ते पुढं कधी टपालात पडलं नाही. पत्ताकोबी कुठं भेटला होता, विचारून ते इतक्या भराभर निघाले की मला जवळजवळ पळावं लागलं.

संध्याकाळी मी तव्यासमोर बसले. पहिल्याच घासानं टाळू भाजला, तरी मी खाणं थांबवलं नाही. मामंजी उठले, बाज उचलून रस्त्याकडं तोंड करून ठेवली आणि पुन्हा बसले. सासूबाई दारात येऊन उभ्या. आता ऐकावं लागणार म्हणून मी मान खाली घातली.

"भागीरथे," त्या म्हणाल्या, "माह्यासाठी एक बिनअंड्याचं टाक."