साठ पौंडांचा ओर्वो

धनुष्य लावलेल्या वजनकाट्यानं बेचाळीस दाखवलं. मी दोरी सोडली, काटा शून्यावर येऊ दिला आणि पुन्हा ओढली. पुन्हा बेचाळीस.

"अगं बाई!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"काय झालं गं?" ओर्वोकाकानं विचारलं. तो माझ्या दुकानातल्या पलीकडच्या मांडणीपाशी बाणांच्या फाळांची पाकिटं डोळ्यांजवळ नेऊन वाचत होता.

"काही नाही, बोट चिमटलं," मी थाप मारली.

हे धनुष्य साठ पौंडांचं. म्हणजे दोरी पूर्ण ओढायला साठ पौंड उचलण्याएवढा जोर लागतो आणि तोच जोर पुढे बाणाला मिळतो. आता ते साठाचं राहिलेलं नाही, हे मला ठाऊक होतं, कारण त्याला न सांगता मीच ते चौपन्नवर आणलं होतं. मग उरलेले बारा पौंड गेले कुठे? धनुष्य म्हणजे काय दूध आहे, उतू जायला?

मी ते उलटं केलं आणि दोन्ही भुजा धरून ठेवणारे बोल्ट पाहिले. पाच फेऱ्यांपेक्षा जास्त ढिले करू नका, असं बनवणाऱ्यांनी छापूनच दिलेलं असतं. हे सहा फेरे बाहेर आले होते. जेमतेम दोन-तीन आटे पकडून होते. अजून एक फेरा, आणि दोरी पूर्ण ताणलेली असताना भुजा निसटून थेट त्याच्या तोंडावर आली असती. हा माणूस गेला सगळा हंगाम असल्या धनुष्याला गाल लावून उभा राहत होता!

ओर्वो नीमीच्या नावावर आयुष्यात दोनच गोष्टी. एकतीस वर्षं त्यानं काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रस्त्यांवरचा बर्फ ढकलला आणि पन्नास हिवाळे साठ पौंडांचं धनुष्य ओढलं. आमच्या या उत्तरेच्या टोकाला दोन्हींचं कुणालाच कौतुक नाही. आमचं रक्ताचं नातं नाही, पण माझ्या बाबाला दुकानातून सवड नसायची, म्हणून मला नेम धरायला शिकवलं ते ओर्वोकाकानं. त्याचं सगळं शास्त्र दोन वाक्यांचं: बाण जड घे आणि फाळ दोन धारांचा, पक्का. हरीण जवळ येईपर्यंत गप्प बस. हवेत मिटलेले राहणारे आणि लागल्यावर पाती उघडणारे जे नवे फाळ निघालेत, त्यांना तो छत्र्या म्हणायचा. "तुझ्या त्या छत्र्या पावसाळ्यात वीक," असं मला चिडवायचा.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि त्याच्या बायकोचा, हेल्वीचा, मला फोन आला. "आर्लिस, तो दोरी बदलायला येईल ना, तेव्हा ते जरासं सैल कर. त्याला बोलू नकोस हं. अंगणात ओढताना असा कण्हतो की मला खिडकीतून बघवत नाही." मला त्यात वावगं काहीच वाटलं नाही. उलट पुण्य केल्यासारखं वाटलं. मी एक फेरा सैल केला, तीन पौंड गेले. गेल्या जुलैत हेल्वीचा पुन्हा फोन, माझा पुन्हा एक फेरा. काट्यावरचा आकडा गिऱ्हाइकाला समोरून दिसतो, म्हणून दोन्ही वेळा मी धनुष्य काट्याला लावलंच नाही. सगळी मेख तिथेच होती.

सप्टेंबरात तो तक्रार घेऊन आला. फाळ लावला की बाण डावीकडे सरकतो म्हणाला. मला वाटलं, वय झालं, डोळे गेले. साठ पौंडांसाठी घेतलेला ताठ बाण कमी ताणावर असाच डावीकडे पळतो, हे मी दिवसातून चार जणांना सांगते. पण इथे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी त्याला छत्र्या विकल्या! हो, मीच. मिटलेला फाळ वारा धरत नाही, बाण सरळ जातो, खोट झाकली जाते. पण पाती उघडण्यात बराच जोर खर्च होतो. मी हिशेब केला की चौपन्नला चालून जाईल. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवून आयुष्यात पहिल्यांदा छत्री लावली.

ऑक्टोबरात वीस पावलांवर एक हरिणी आली. त्यानं बरगडीवर, अगदी हवा तिथे बाण मारला. बाण चार बोटं आत गेला आणि थांबला. चार दिवस तो रक्ताचा माग काढत फिरला. आठव्या दिवशी टपाल वाटणाऱ्या बाईला ती रस्त्याकडेला उभी दिसली, बाण अंगातून लोंबत होता. तिनं गाडी थांबवली, तशी हरिणी देवदारांत शिरली. बर्फ पडेपर्यंत ओर्वोकाका रोज तिथे जात राहिला. त्यानंतर त्यानं शनिवारी माझ्या दुकानात कॉफीला येणं सोडलं.

आज जवळजवळ वर्षानं आला होता. आल्या आल्या म्हणाला, "मुळापासून तपास आणि चांगला फाळ दे. यंदा एकच बाण सोडणार. यंदाचं हरीणही तसंच जखमी होऊन गेलं, तर हे धनुष्य तुझ्या भिंतीला टांग. मला घरात नको."

आता त्यानं तीन पाकिटं टेबलावर ठेवली. "हा तीन पात्यांचा कसा आहे? एवढा महाग आहे म्हणजे बरा असेल."

"काका, बस जरा."

"बसायला मी काय दमलोय?"

"बस म्हणते ना!"

तो बसला. "फाळाचा दोष नाही," मी म्हणाले. "हे धनुष्य बेचाळीसचं आहे."

तो भडकेल, टेबलावर हात आपटेल, असं वाटलं होतं. त्यानं दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बेचाळीस नाही. अठ्ठेचाळीस."

आता थक्क व्हायची पाळी माझी. "तुला कसं माहीत?"

"मीच केलंय. गेल्या ऑगस्टात, गॅरेजमध्ये. ओढवेना गं. चार फेरे काढले, साठातून बारा गेले, राहिले अठ्ठेचाळीस. हेल्वीजवळ बोलू नकोस. तिला वाटतं मी अजून साठ ओढतो."

देवा रे! मी कपाळाला हात लावला. "काका, तू हात लावलास तेव्हा ते साठ नव्हतंच. चौपन्न होतं. मी केलं होतं. हेल्वीनं सांगितलं म्हणून, दोनदा."

तो माझ्याकडे बघतच राहिला.

"हेल्वीनं?"

"हो."

"म्हणजे मी तिच्यापासून लपवतोय, ती माझ्यापासून लपवतेय, आणि तू आमच्या दोघांच्या मध्ये पाना घेऊन बसलीस?" तो हसायला लागला. पोट धरून हसला, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मलाही हसू फुटलं. मग मध्येच तो थांबला. "आणि ती हरिणी?"

"ती छत्री बेचाळीसवर नीट आत जाऊच शकत नव्हती," मी म्हणाले. "मी दिली होती तुला. चूक माझी आहे, काका."

"म्हणजे माझे डोळे..."

"डोळे ठीक आहेत तुझे. बाण हवा तिथेच लागला होता."

त्यानं टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवून तिची कड दाबत राहिला. वर्षभर हा माणूस स्वतःला आंधळा समजून घरात बसला होता. मला रडू आवरेना, म्हणून मी कामाला लागले. बोल्ट एक फेरा आत घेतले. धोका टळला. धनुष्य पुन्हा काट्याला लावलं आणि या वेळी काटा त्याच्याकडे फिरवला.

"वाच."

"पंचेचाळीस," तो वाचत म्हणाला.

"ओढवेल?"

त्यानं ओठ दाबून ओढलं. अडखळत का होईना, दोरी गालापर्यंत आली. मग मी त्याचे जुने ताठ बाण बाजूला काढले आणि या ताणाला शोभतील असे थोडे लवचीक, पण वजनाला भारी बाण काढले. पुढे दोन धारांचा पक्का फाळ लावला. मनगटावर फिरवून पाहिला, केस साफ निघाले. मागच्या खोलीत वीस पावलांवर फोमचा ठोकळा असतो, तिथे त्याला नेलं. शेजारच्या पट्टीत रस्ते खात्यातले दोघे सराव करत होते. त्यांनी त्याला हात केला.

ओर्वोकाकानं बाण सोडला. ठप्प आवाज आला. आम्ही चालत गेलो. मधल्या ठिपक्याला लागून बाण आत घुसला होता, बाहेर पिसं आणि वीतभर दांडी उरली होती.

"हा फाळ बेचाळीसला आत गेला असता?" त्यानं विचारलं.

खोटं बोलायची सोय आता राहिली नव्हती. "हो. थोडा कमी, पण पुरेसा."

"म्हणजे त्या दिवशी हा असता, तर ती जागेवर पडली असती."

"हो, काका."

"आपल्यातल्या एकानं जरी तोंड उघडलं असतं, तर."

त्यानं डावा हात ठोकळ्यावर टेकवला, उजव्यानं बाण धरला आणि ओढला. बाण हलला नाही. पुन्हा ओढला. मान लाल झाली. शेजारचे दोघे आपले बाण पुसण्यात गुंतल्यासारखे वळले. पुढे होऊन हात लावायचं माझं धाडस झालं नाही.

त्यानं बाण सोडून दिला, वळला, आणि त्या दोघांनाही स्वच्छ ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ये गं, तू ओढ. माझ्या खांद्यात जोर राहिलेला नाही."

मी ठोकळ्याला गुडघा लावला आणि दोन्ही हातांनी बाण धरला.