लाल ठिपक्याचं श्रेय

ऑर्व्हल स्ट्राउड एकाहत्तर वर्षांचा होता, आणि त्याच्या मते जगात जे काही शोधायचं होतं ते तो चाळिशीचा होईपर्यंत शोधून झालेलं होतं. त्यानंतर निघाली ती सगळी खेळणी. हे मत तो सॉल्ट वॉशच्या नेमबाजीच्या रेंजवर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कोणी विचारो न विचारो ऐकवायचा. अ‍ॅरिझोनात ऊन आणि ऑर्व्हलचं तोंड यांच्यापासून सुटका नाही, असं लुपे अरव्हिझू म्हणायची. लुपे तिथली रेंज ऑफिसर. हातात टायमर घेऊन ती पंचवीस वर्षं नेमबाजांच्या खांद्यामागे उभी राहत आली होती, म्हणजे पंचवीस वर्षं ऑर्व्हलला ऐकत आली होती. त्या मानाने तिचा रक्तदाब बराच बरा होता.

खेळाचं नाव व्यवहारी नेमबाजी. नाव ठेवणाऱ्यांचा हेतू चांगला होता. माणूस कमरेला जे पिस्तूल लावून हिंडतो तेच घेऊन यायचं, टायमर वाजला की पळायचं, फळ्यांच्या आडून पुठ्ठ्यांवर गोळ्या झाडायच्या. वेळ कमी आणि नेम चांगला तो जिंकला. ऑर्व्हलने सुरुवात केली तेव्हा चामड्याचं म्यान होतं, आठ गोळ्यांचं पिस्तूल होतं आणि नेम धरायला नळीच्या टोकाला तांदळाएवढी माशी. मग कोणा शहाण्याने नळीच्या तोंडाला भोकांचं मुसकं बसवलं. गोळी सुटल्यावर पिस्तूल वर उडी मारायचं, ते थांबलं. त्या शहाण्याला तेव्हाच्या म्हाताऱ्यांनी लबाड म्हटलं. तो शहाणा म्हणजे तिशीतला ऑर्व्हल, आणि मुसकं त्याने स्वतःच्या गॅरेजात घासून केलं होतं. त्याला तो कारागिरी म्हणायचा. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

कार्टी मात्र पुढे फार झाली. मॅगझिन लांबली, तिच्यात अठ्ठावीस गोळ्या मावू लागल्या. म्यानाचं चामडं झिजत झिजत त्याची प्लॅस्टिकची एक चिमटी उरली, पिस्तूल तिच्यात केवळ भिडेखातर थांबतं. डोक्यावर काकडीएवढी नळी चढली, तिच्यात लाल ठिपका. ठिपका जिथे दिसेल तिथे गोळी. मग काकडीची काडेपेटी झाली. मग वजन वाढवायला पितळी मुठी आल्या, तळाला खिळे असलेले बूट आले. आज यातलं एखादं व्यवहारी पिस्तूल कमरेला लावून कोणी किराणा आणायला गेला तर पँट गुडघ्याशी येईल.

आणि हे सगळं वाहायला बाबागाड्या. खरोखरच्या, तीनचाकी, लहान पोरांच्या. रविवारी सकाळी चाळीस धडधाकट माणसं रेतीतून बाबागाड्या ढकलत येतात आणि एकीतही पोर नसतं. दातांचे डॉक्टर किप हॅनराहन यांच्या बाबागाडीला तर छत्री होती. पिस्तुलावर ऊन पडू नये म्हणून. बायको उन्हात उभी असायची.

"नाचता येईना अंगण वाकडं," ऑर्व्हल त्यांच्याकडे बघत म्हणायचा. "आणि अंगण सरळ करायला किपने आठ हजार डॉलर घातले. तरी पाय अडखळतोच."

लोक हसायचे, किपही हसायचा. म्हातारं माणूस, जुना चॅम्पियन, बोलू द्या. पण सात वर्षांपूर्वी ऑर्व्हल एकदा असं बोलला की एक माणूस हसलं नाही.

ते माणूस म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी जनेल. त्याच्याच हाताखाली शिकली. दरवर्षी फेब्रुवारीत क्लबात जोड्यांचा सामना असतो, दोघांचे गुण एकत्र धरतात. तो बापलेकींनी पाच वेळा जिंकला होता. त्या वर्षी तिने पिस्तुलावर ठिपका बसवला आणि एकेरीत सगळ्या क्लबाला मागे टाकलं, बापालाही. बक्षीस द्यायला माइकवर बापालाच बोलावलं. ऑर्व्हल म्हणाला, "बक्षीस त्या ठिपक्याला द्या. पोरीने फक्त त्याला उचलून आणलंय." काय हशा पिकला. जनेलने बक्षीस टेबलावर ठेवलं, पिस्तूल पेटीत घातलं आणि टूसानला निघून गेली. तिथे ती एसी दुरुस्त करते. दरवर्षी थँक्सगिव्हिंगच्या सणाला येते, आईशी बोलते, बापाला बटाटे वाढते. सामन्याचं नाव काढायचं नाही.

मग ऑर्व्हलचे डोळे गेले. म्हणजे पार गेले नाहीत. लांबचं स्वच्छ दिसायचं, हातभर अंतरावरची माशी मात्र कापसाच्या बोळ्यासारखी. बोळ्याने नेम धरता येत नाही. डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, "या वयात असंच असतं. ठिपका लावून बघा, त्याला जवळचं दिसावं लागत नाही." ऑर्व्हलने डॉक्टर बदलला. दुसराही तेच म्हणाला.

सहा महिने ऑर्व्हल पुठ्ठ्यांच्या कडांना भोकं पाडत राहिला. शेवटी त्याने जनेलला फोन केला आणि बराच वेळ हवापाण्यावर बोलला.

"बाबा, टूसानमध्ये ऊन आहे हे मला माहिती आहे," ती म्हणाली. "काम बोल."

"तुझ्याकडे ते जास्तीचं पिस्तूल आहे ना. ठिपकेवालं."

ती म्हणाली, "फेब्रुवारीच्या जोडीत नाव घालते आपलं. पण ऐकून ठेव. दिवसभरात ठिपक्यावर एक टोमणा, एकच, कोणालाही मारलास, तर मी तिथूनच गाडीत बसेन. आणि मग ते बटाटेसुद्धा आईच वाढेल."

ऑर्व्हलने कबूल केलं. त्याला मुलगी परत हवी होती. इतकी हवी होती की त्यासाठी तो गप्प बसायला तयार झाला, आणि डोरीनने, त्याच्या बायकोने, हे ऐकून त्याचा ताप बघितला.

सामन्याच्या दिवशी सकाळी क्लबाने ऑर्व्हलच्या कमरेला ते काळं प्लॅस्टिकचं पिस्तूल बघितलं आणि जणू लग्नघर झालं. जो तो येऊन बघून गेला. "ऑर्व्हल, टीव्ही लागतो का यावर?" किपने विचारलं. हा विनोद ऑर्व्हलचाच होता, वीस वर्षं जुना. ऑर्व्हलने मूग गिळले. किपची छत्री वाऱ्याने उलटी झाली तेव्हाही गिळले. दुपारपर्यंत त्याच्या पोटात मुगाचं पोतं झालं होतं.

त्यातून नेम काही लागेना. ठिपका काचेत असतो खरा, पण मनगट जरा वाकडं असेल तर तो काचेबाहेर जातो आणि माणूस चष्मा हरवल्यासारखा शोधत बसतो. पहिल्या चारही स्टेजना, म्हणजे फेऱ्यांना, ऑर्व्हल तसाच शोधत बसला. जनेलने दोघांपुरतं एकटीने ओढून धरलं होतं. तरी किप आणि त्याचा मेहुणा थोडे पुढेच होते.

"मनगटावर भर दे," जनेल जेवताना म्हणाली. "ठिपका येतो आपोआप."

"येतो की," ऑर्व्हल म्हणाला. "दोन पुठ्ठे झाल्यावर येतो."

तिने मान वर केली.

"छान येतो," तो घाईने म्हणाला आणि बीन्सचा बरिटो तोंडात कोंबला.

जेवण झाल्यावर तो सुरक्षा टेबलाशी गेला. रेंजवर रिकामं पिस्तूल हातात घ्यायची परवानगी फक्त तिथे. चार वेळा उचलून ठिपका शोधला, आणि मग सेल उगाच जळू नये म्हणून बटण दाबून तो बंद केला. कागदाच्या ताटल्या धुऊन परत वापरणारा माणूस, दुसरं काय करणार.

शेवटची स्टेज. नऊ पुठ्ठे, प्रत्येकावर दोन गोळ्या, आणि शेवटी पंधरा पावलांवर दोन पोलादी ताटल्या. जनेल आधीच उडवून आली होती, झकास. किपने चौदा सेकंद लावले. लुपेने आकडेमोड केली आणि सांगितलं, "ऑर्व्हल, बारा सेकंदांत आणलंस तर जोडी तुमची. नाहीतर छत्रीवाल्यांची."

"भरून घे," तिने हुकूम दिला. ऑर्व्हलच्या हातांनी पंचेचाळीस वर्षं केलं तेच केलं. मॅगझिन आत, वरची सरकपट्टी मागे, पिस्तूल म्यानात. पंचेचाळीस वर्षांच्या सवयीत बटण दाबणं नव्हतं.

टायमर वाजला. पिस्तूल वर आलं. काचेत काहीच नव्हतं.

सकाळभर हेच होत होतं, म्हणून त्याला नवल वाटलं नाही. पण पहिला पुठ्ठा पाच पावलांवर होता आणि डोळ्यांना स्वच्छ दिसत होता. हात थांबलेच नाहीत. दोन गोळ्या. पाय पुढे गेले, दुसरा पुठ्ठा, दोन गोळ्या. तिसऱ्याला त्याच्या डोक्यात उजेड पडला: ठिपका हरवलेला नाही, बंद आहे. बटण शोधायला सेकंद गेला असता. म्हाताऱ्याने काचेची नुसती चौकट पुठ्ठ्यावर ठेवली आणि चाप दाबत सुटला. शेवटच्या दोन ताटल्या पिस्तुलाच्या पाठीवरून बघून पाडल्या, एकेका गोळीत.

"झालं असेल तर रिकामं कर, दाखव," लुपे म्हणाली. मग टायमर बघून तिने डोळ्यांवरचा चष्मा वर केला. "अकरा पूर्णांक नऊ. देवा रे."

पुठ्ठ्यांवर सगळी भोकं मधोमध होती, एक सोडून.

ऑर्व्हल वळला. त्याच्या जिभेच्या टोकावर तीन शब्द होते: ठिपका बंद होता. वीस वर्षं तो जे ओरडून सांगत होता, पुरावा नव्हता म्हणून लोक हसत होते, त्याचा पुरावा त्याच्या हातात होता. लुपेला बटण दाखवलं की काम झालं. चाळीस बाबागाड्या शरमेने घरी गेल्या असत्या. आयुष्यात एवढा मोठा टोमणा त्याला मिळाला नव्हता आणि पुन्हा मिळणारही नव्हता.

समोर जनेल उभी होती. तिचे डोळे भरले होते, आणि ती लहानपणापासून कशानेही रडणारी पोर नव्हती.

"जन्मात पहिल्यांदा माझं ऐकलंस, बाबा," ती म्हणाली.

ऑर्व्हलने तोंड मिटलं.

मग क्लब धावत आला. ऑर्व्हल पिस्तूल घेऊन सुरक्षा टेबलाशी गेला आणि पहिलं काम काय केलं असेल तर अंगठ्याने बटण दाबून ठिपका लावला. भोवती ही गर्दी. ठिपका केवढा, काच कुठली, किती उंचीवर बसवलीय. "बघा, आपण काय सांगत होतो," किप सगळ्यांना म्हणाला. "सकाळी सवय नव्हती. सवय झाल्यावर साधनाने दाखवलंच." त्याने टेबलावरच्या पिस्तुलाचा फोटो काढायला फोन वर केला आणि थांबला. "ऑर्व्हल, जरा बाजूला होता का? सावली पडतेय तुमची."

ऑर्व्हल बाजूला झाला. तिथे वीस माणसं होती आणि एकाचंही लक्ष त्याच्याकडे नव्हतं. गॅरेजातल्या भिंतीसमोर हजारो रात्री रिकामं पिस्तूल उपसून त्याने तो हात तयार केला होता. त्या हाताबद्दल कोणी अवाक्षर काढत नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं. आधी किपचा राग आला. मग त्याला आठवलं की जनेलनेही त्याच भिंतीसमोर, दहा वर्षांची असल्यापासून, रोज शाळेतून आल्यावर हेच केलं होतं. ते त्याने स्वतः पाहिलं होतं, आणि तरी माइकवर तसं बोलला होता. म्हाताऱ्याला आता स्वतःचीच लाज वाटायला लागली.

गाडीपाशी जनेल पाणी पीत होती. तो तिच्याजवळ गेला आणि आधी हवापाण्यावर बोलायला लागला, मग थांबला.

"त्या वर्षी मी बोललो ते चुकीचं होतं," तो म्हणाला. "ठिपका काही पळत नाही, चाप ओढत नाही. नेम तुझा होता. मी तो चारचौघांत तुझ्याकडून काढून घेतला."

जनेलने बाटली खाली घेतली. "हे कुठून सुचलं आज?"

"कळलं."

"ठिपका वापरून कळलं?"

"हो," ऑर्व्हल म्हणाला. आयुष्यभर सडेतोड म्हणून मिरवलेल्या माणसाची ही त्या दिवसातली दुसरी थाप.

तिने बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "तेव्हा माइकवर बोलला होतास, बाबा. माफी इथे गाड्यांच्या मागे, कोणी नसताना?"

पोर बापावरच गेली होती.

बक्षीस द्यायला छपराखाली सगळे जमले. लुपेने जोडीचं नाव पुकारलं. ऑर्व्हलने बक्षीस घेतलं नाही, आधी तिच्या हातातला माइक घेतला. बऱ्याच जणांनी खुर्चीत नीट बसून घेतलं. आता टोमणे येणार.

"सात वर्षांपूर्वी मी इथे उभा राहून म्हणालो होतो, बक्षीस ठिपक्याला द्या," ऑर्व्हल म्हणाला. "ते बक्षीस माझ्या पोरीचं होतं. नेम तिचा होता, मेहनत तिची होती, आणि मी गाढव होतो. सगळ्यांनी ऐकलंय तेव्हा, म्हणून आताही सगळ्यांनी ऐका."

कोणाला कुठे बघावं कळेना. शेवटी किपलाच राहवलं नाही.

"आणि आजचं, ऑर्व्हल?" त्याने मागून विचारलं. "आजचं कोणाचं?"

तीन शब्द पुन्हा जिभेवर आले होते, आणि या खेपेला माइकही हातात होता. त्याने जनेलकडे पाहिलं.

"आजचं ठिपक्याचं," तो म्हणाला.

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने जनेल हसली, आणि तिने शेजारची रिकामी खुर्ची पायाने त्याच्याकडे सरकवली.