हालितनं बाहेर यायचं नव्हतं

आमच्या देशाच्या व्हॉलीबॉलच्या पोरी चॅम्पियन झाल्या त्या रविवारी संध्याकाळी माझा नवरा हालित स्वयंपाकघरात मेला. त्याला तिथं मीच बसवलं होतं. सामना संपेपर्यंत त्यानं बाहेर यायचं नाही, हा आमच्या घरातला नियम होता आणि तो त्यानं पाळला.

नियम कसा पडला ते सांगते, नाहीतर मी वेडी वाटेन. सांगूनही वाटेनच म्हणा. सहा-सात वर्षांपूर्वी कुठल्याशा उपांत्य सामन्यात आमच्या मुली दोन सेट हरून बसल्या होत्या. हालित चहा टाकायला उठला आणि लागोपाठ पाच पॉइंट आले. ट्रे घेऊन परत आला आणि सर्व्हिस जाळ्यात. त्याचा धाकटा भाऊ रेमझी स्वतःच्या घरी टीव्ही असून प्रत्येक सामना आमच्याच सोफ्यावर लोळून बघतो. तो उठला, दादाच्या पाठीला हात लावला आणि त्याला परत स्वयंपाकघरात सोडून आला. तो सामना आम्ही जिंकलो. झालं, नियम पडला. आमच्याकडे घरोघरी असलं काहीतरी असतंच. खालच्या मजल्यावरची गुलतेन अंतिम सामन्याला एकाच पायात मोजा घालते. तिचा जावई चांगला शिकलेला इंजिनिअर, तो आपली सर्व्हिस असली की श्वास धरून बसतो. आम्ही हालितला स्वयंपाकघरात बसवायचो. यात कुणालाही काही वावगं वाटत नव्हतं.

त्यालाही नव्हतं वाटत. उलट मिरवायचा. आमच्या बांदिर्मा गावच्या स्टेशनावर पस्तीस वर्षं खिडकीतून तिकिटं दिलेला माणूस तो. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय, हे त्याला साठी उलटल्यावर पहिल्यांदा कळलं. बाजारात मासेवाल्याला सांगायचा, "मी लिबेरो आहे लिबेरो. मागच्या रांगेतच राहायचं, पुढं यायची परवानगी नाही." फ्रिजशेजारच्या बुटक्या स्टुलावर बसून आमच्या आरडाओरड्यावरून तो स्कोअर ओळखायचा. त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, त्यानं बोलायचं नाही. एकदा चष्मा न्यायला आला आणि नेमका तेव्हाच आमचा पॉइंट गेला, तर मी दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला होता. हे आठवून हसू यायला हवं. येत नाही.

त्या रविवारीही सगळं नेहमीसारखंच झालं. लाल टी-शर्ट घालून तो दाराशी उभा.

"माझा चहा कोण देणार?"

"स्वयंपाकघर तुझं, चहा तुझा," मी म्हणाले.

"पगार वाढवा, नाहीतर इथंच बसतो मी सोफ्यावर."

"बस की," रेमझी म्हणाला. "आणि हरलो तर बंदरावर नेऊन ढकलतो तुला. पोहता तरी येतं का?"

हालित हसत हसत आत गेला. दार आम्ही ओढून घेतलं.

चौथ्या सेटच्या शेवटी आतून हाक आली, "नेझाहत!" मी आणि रेमझी एकदमच ओरडलो, "तिथंच थांब!" पॉइंट आमचा झाला. पाचव्या सेटमध्ये अकरा-अकरा असताना पुन्हा हाक आली. "नेझाहत, जरा ये गं." मी पुन्हा तेच ओरडले. तिसरी हाक आली नाही.

पुढचं सगळ्या देशाला माहीत आहे. शेवटचा पॉइंट, पोरी एकमेकींच्या अंगावर पडलेल्या, समोरच्या इमारतीतून भांडी बडवल्याचा आवाज, खाली गाड्यांचे हॉर्न. सामना बघायला वर आलेली गुलतेन माझ्या गळ्यात पडून रडत होती. मी तिला सोडवून स्वयंपाकघराकडे पळाले ते हालितला सांगायला, की ये आता बाहेर, झालो आपण चॅम्पियन. तो स्टुलावरून घसरून फ्रिज आणि भिंत यांच्या मधे बसला होता. डोळे अर्धे उघडे होते. अँब्युलन्स यायला वेळ लागला, कारण झेंडेवाल्या माणसांनी रस्ता भरला होता. पोरं तिच्या बॉनेटवर थापा मारून नाचत होती. त्यांना वाटलं, तीही आनंदानंच भोंगा वाजवतेय.

दवाखान्यातला डॉक्टर कोवळा होता. गालावर झेंडा रंगवलेला, पुसायचा राहिलेला. त्यानं विचारलं, "छातीत दुखतंय वगैरे काही म्हणाले होते का?" मी नाही म्हणाले. ते तसं खोटं नव्हतं. आम्ही त्याला काही म्हणूच दिलं नव्हतं.

तिथल्या तिथं रेमझीनं गोष्ट रचली. फोनवर पहिल्याच नातेवाइकाला तो रडत सांगत होता, "दादानं शेवटचा पॉइंट बघितला, दोन्ही हात वर केले, आणि गेला रे." सांगताना त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. मीही त्याला अडवलं नाही. हाका त्यानंही ऐकल्या होत्या.

आमची मुलगी पेलिन जर्मनीत, डॉर्टमुंडला असते. तिथल्या एका वृद्धाश्रमात काम करते. सोमवारी सकाळच्या विमानानं आली आणि थेट मशिदीच्या अंगणात पोचली. गाडीतून उतरल्या उतरल्या तिनं मला मिठी मारली आणि कानाशी विचारलं, "आई, बाबा तुमच्यातच बसला होता ना? बघत होता ना शेवटी?"

"हो," मी म्हणाले.

तिनं मिठी सोडली आणि जरा वेळ नुसतं माझ्याकडे बघितलं. मग रुमाल डोक्यावरून घेऊन माझ्या शेजारी उभी राहिली. त्या एका "हो"नं मला पुढचा सगळा आठवडा बांधून घातलं. पोरीला खरं कळलं तर ती माझं तोंड पुन्हा बघणार नाही, एवढी एकच भीती मला शाबूत होती. बाकी सगळं गेलं होतं.

दफनाआधी इमामानं रिवाजाप्रमाणे तीनदा विचारलं, "मयताकडे तुमचं काही राहिलं असेल तर माफ केलंत?" अंगण भरून माणसं तीनदा म्हणाली, "माफ केलं." बायकांच्या रांगेत मागं उभी राहून मीही म्हणाले. हालितकडे माझं काय राहिलं होतं? मयतानं तुम्हाला माफ केलं का, असं विचारायचा रिवाज नाही.

बुधवारी गावातल्या पेपरात तिसऱ्या पानावर त्याचा फोटो आला, निवृत्तीच्या दिवशीचा, हार घातलेला. वर मथळा: "विजयाचा आनंद हृदयाला पेलवला नाही." झालं, मग अनोळखी माणसं यायला लागली. स्टेशनावरचे टॅक्सीवाले आले. एर्देकहून एक निवृत्त मास्तर बस पकडून आला, माझ्या हाताला हात लावून म्हणाला, "असं मरण मला यावं." शाळेच्या मुलींचा अख्खा संघ लाल कपड्यांत आला, दारात चपलांचा ढीग पडला. सगळ्यांनी सह्या केलेला एक चेंडू माझ्या मांडीवर ठेवून त्यांची कप्तान म्हणाली, "आजी, आजोबा आमचे सातवे खेळाडू." बिचारी तेरा-चौदा वर्षांची होती. मी तिच्या केसांवरून हात फिरवला. हात फिरतोय हे मला दिसत होतं.

गुलतेननं घराचा ताबाच घेतला होता. आल्या-गेल्याच्या तळहातावर सुगंधी कोलोन शिंपडायची, चहा द्यायची आणि सोबत गोष्ट द्यायची. रेमझीच्या गोष्टीत हालितनं नुसते हात वर केले होते. गुरुवारपर्यंत गुलतेनच्या गोष्टीत तो सोफ्यावर उभा राहून "देवा, आता ने मला!" म्हणायला लागला होता. सामन्याच्या वेळी ती माझ्या शेजारीच बसली होती, पण तिला विचारलं असतं तर तिनं शपथेवर हेच सांगितलं असतं. चॅम्पियन झालेल्या देशात कुणालाही वाईट गोष्ट नको होती.

मला काही वाटत नव्हतं. दुःख नाही, शरम नाही. हातावर झोपलं की हात बधिर होतो, मग दुसऱ्या हातानं उचलून तो बाजूला ठेवावा लागतो, तसं मी स्वतःला सकाळी उचलून सोफ्याच्या कोपऱ्यात ठेवत होते आणि रात्री तिथून काढत होते. शेजाऱ्यांनी आणलेलं खात होते. आमचा टीव्ही बंद होता, पण भिंती पातळ, खालच्या घरातून तोच शेवटचा पॉइंट दिवसातून दहादा ऐकू यायचा. निवेदकाचा आवाज चिरकायचा तिथं मी डोळे मिटायची वाट बघायची, ते मिटायचे नाहीत.

पेलिन माझ्याशी कामापुरतं बोलत होती. "चहा घे. गोळी घेतलीस? कागदांवर इथं सही कर." मला वाटलं, तिला कळलंय. मग वाटलं, कसं कळेल? रेमझी मरेपर्यंत बोलणार नाही.

सातव्या दिवशी दुपारी रव्याचा हलवा करायचा होता. आमच्याकडे तो सगळ्या बायका मिळून करतात. एकीनं चमचा हलवायचा, मयतासाठी प्रार्थना करायची आणि चमचा दुसरीच्या हातात द्यायचा. फ्रिजपुढं सहाजणी दाटीवाटीनं उभ्या होत्या. पेलिनची पाळी आली. तेवढ्यात गुलतेननं नव्यानं आलेल्या एका बाईला सुरुवात केली, "अगं, शेवटचा पॉइंट पडला आणि हालितभाऊ असे उठले..."

पेलिननं चमचा पातेल्यातच सोडला आणि निघून गेली.

"पोर हळवी आहे हो," गुलतेन म्हणाली. "ताई, तुम्ही जा. रवा मी बघते, करपू देत नाही."

पेलिन आमच्या झोपायच्या खोलीत, पलंगावर हालितच्या बाजूला बसली होती. मी आत गेल्यावर म्हणाली, "दार लाव, आई."

मी दार लावलं. आता विचारणार, असं वाटलं. बस, संपलं.

तिनं आपला फोन माझ्या हातात दिला. "वाच."

माझा चष्मा बाहेर राहिला होता. फोन लांब धरून मी वाचलं. हालितचा मेसेज होता, रविवारचा. *डावा हात जड झालाय, खांद्यात कळ येतेय. चौथा सेट आपला होतोय असं दिसतंय. बाहेर गेलो तर तुझी आई जीव घेईल माझा.*

त्याखाली पेलिनचं उत्तर. *बाहेर जायचं नाही बाबा!!! काहीही झालं तरी हलायचं नाही तिथून!*

आणि त्याखाली हालितचं, *बरं साहेब.*

"मी ड्यूटीवर होते," पेलिन म्हणाली. "जेवणाच्या खोलीत कपाटामागं उभी राहून फोनवर बघत होते सामना. आई, मी रोज म्हाताऱ्या माणसांत असते. एखाद्या आजोबांनी डावा हात जड झालाय म्हटलं असतं ना, तर मी हातातलं सगळं टाकून पळाले असते. आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात हे. मी वाचलं, आणि मला हसू आलं." तिचा आवाज सपाट होता, हिशेब सांगितल्यासारखा. "तू हो म्हणालीस तेव्हाच मला कळलं, तू माझ्यासाठी खोटं बोलतेयस. माझा मेसेज तू त्याच्या फोनवर बघितलास आणि मला वाचवायला सगळ्यांना ही गोष्ट सांगितलीस. आई, मला नाही सहन होत. मी मारलं त्याला, आणि तू मला झाकतेयस."

मी फोन पलंगावर ठेवला. हालितचा फोन दवाखान्यानं दिलेल्या पिशवीतच होता. मी ती उघडलीही नव्हती.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा माझ्या मनात आलं की सुटले. हिला काहीच माहीत नाही. मी तिला जवळ घेतलं असतं, डॉक्टर म्हणाले एका क्षणात गेला असं सांगितलं असतं, तर तिनं ते मानलं असतं किंवा नसतं मानलं, पण माझी मुलगी माझी राहिली असती. परवा तिचं विमान होतं. मेसेज घेऊन ती डॉर्टमुंडला गेली असती आणि रोज म्हाताऱ्यांचे डावे हात धरून त्यांना उठवत राहिली असती. मला मात्र दर रविवारी तिचा फोन आला असता.

तिनं माझा हात घट्ट धरला होता.

"मी तुला झाकत नव्हते," मी म्हणाले. "मला तुझ्या मेसेजचं माहीतच नव्हतं. पेलिन, त्यानं मला हाक मारली होती."

तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"दोनदा मारली. चौथ्या सेटला एकदा. मी म्हणाले, तिथंच थांब. मग पाचव्या सेटला. जरा ये गं, म्हणाला. 'जरा ये गं' असं तो कधीच म्हणायचा नाही. त्याचा आवाज वेगळा होता, हे मला तेव्हाच कळलं होतं. दोघांमध्ये एक दार होतं, आठ पावलं."

"मग?"

"मी पुन्हा थांब म्हणाले. आणि टीव्हीचा आवाज वाढवला."

बाहेर बायका मोठ्यानं प्रार्थना म्हणायला लागल्या होत्या. रव्याचा वास खोलीत आला होता.

"किती?" पेलिननं विचारलं.

"शेवटपर्यंत. पुन्हा हाक मारली तर ऐकू येऊ नये इतका."

माझा हात अजून तिच्या हातात होता. तो तिनं सोडला नाही, पण आता धरलेलाही नव्हता.