जयरामचा आकडा

"ही बेरीज कोणाची?" कर खात्याची नोटीस टेबलावर टाकत साईनाथसाहेबांनी विचारलं.

जयरामने चष्मा काढून पुसला. समोर उभ्या असलेल्या नम्रताचा चेहरा पांढरा पडला होता.

शहापूरच्या या कर सल्लागाराच्या कचेरीत जयरामची चोवीस वर्षं गेली होती. खर्डीहून सकाळी यायचं, व्यापाऱ्यांची विक्री लांबलचक वह्यांत उतरवायची आणि रकान्यावरून बोट खाली आणता आणता बेरीज करायची. कॅल्क्युलेटर ठेवला होता तो केवळ गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. मुरबाड-शहापूरचे व्यापारी म्हणायचे, जयरामने मांडलेलं परत तपासायचं नाही. हे ऐकून तो मान वर करायचा नाही, पण घरी गेल्यावर बायकोला, गीताबाईला, सांगायचा हेही खरं.

मग व्हॅट आला, आणि तीनेक वर्षांत विवरणपत्रंही कॉम्प्युटरवरूनच पाठवायची झाली. दिवाळीपर्यंत शिका, नाहीतर मला माणूस बदलावा लागेल, असं साहेबांनी अगदी गोड आवाजात सांगितलं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला दुसरीकडे कोण उभं करणार? जयरामने क्लास लावला. कॉलेजच्या मुलींच्या रांगेत बसून एक्सेल शिकला, परीक्षाही पास झाला. गीताबाईने सर्टिफिकेटला फ्रेम करून ते बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावलं. जयरामला आता अक्कलदाढ आली, अशी शेजाऱ्यांनी चेष्टा केली.

बेरजेचा फॉर्म्युला त्याला येत होता. येत नव्हता असं कुणी म्हणू नये. पण ज्या रकान्यावरून आपलं बोट फिरलं नाही त्याची बेरीज पुढे पाठवायची, हे काही त्याच्या मनाला पटेना. तो पडद्यावरूनच बोट खाली आणायचा आणि आलेला आकडा शेवटच्या चौकटीत स्वतः टाइप करायचा. आकडा बरोबरच असायचा. जित्याची खोड, दुसरं काय.

मुरबाडच्या एका पत्रेवाल्याचा तक्ता त्याने असाच पुरा केला आणि तो घरी गेला. संध्याकाळी पत्रेवाला विक्रीचं राहून गेलेलं एक बिल घेऊन आला. नम्रता कचेरीत नवीनच लागली होती. तिने ते बिल तक्त्यात मध्ये घातलं, खालची बेरीज आपोआप वाढेल असं धरलं आणि विवरणपत्र पाठवून दिलं. कॉम्प्युटरवर काम करणारं कुणीही तसंच धरून चाललं असतं. बेरीज मात्र होती तिथेच राहिली. कर कमी भरला गेला, दंड लागला, आणि पत्रेवाल्याने आपली सगळी कागदपत्रं उचलून नेली.

"बिल मी घातलं, सर," नम्रता कशीबशी म्हणाली. "मीच बघाया पायजे होतं."

माझी बेरीज बरोबर होती, मागून हात लावला तो हिने, हे जयरामच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढं बोलला असता तर कदाचित नोकरी वाचलीही असती. पण पोरीला लागून सहाच महिने झाले होते, आणि खोटं नसलं तरी ते बोलणं त्याच्याच्याने होईना.

"तिची काय चूक नाय, साहेब. आकडा मी हातानं टाकला. तिथं फॉर्म्युला आसंल असं तिला वाटलं."

साहेबांनी नोटीस घडी करून खणात ठेवली. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत या, जयराम. हिला सगळं समजावून द्या."

महिन्याच्या शेवटच्या दिवशी जयराम नम्रताच्या शेजारी खुर्ची घेऊन बसला. त्याच्या सगळ्या तक्त्यांत फॉर्म्युले घालायचे, असा साहेबांचा हुकूम होता. नम्रता त्याने टाकलेला आकडा पुसायची, फॉर्म्युला घालायची, आणि तोच आकडा पुन्हा उमटायचा. एक तक्ता झाला, दहा झाले, चाळीस झाले. तिचे हात थांबले.

"काका, एक पण चुकला नाय."

"मला ठाव हाय," जयराम म्हणाला. "तू पूस."