टिकवलेली माणसं

तळावर त्यांना सगळे मामा म्हणत. हुद्दा सुभेदाराचा, आवाज मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खणखणीत जाणारा; पण नव्या भरतीच्या पोरापासून वर्कशॉपच्या इंजिनियरपर्यंत जो भेटेल त्याला ते 'भाच्या' अशी हाक मारायचे. मग त्यांना दुसरं कोणी काय म्हणणार?

मध्ये बरीच वर्षं हा तळ बंद होता. सीमा दूर, खर्च फार, असं म्हणत वरच्यांनी फाटकाला कुलूप घातलं आणि माणसं पांगवली. वर्कशॉपच्या छपराखाली कबुतरांनी संसार थाटले. बराकींची दारं-खिडक्या कोणी उचलून नेली ते सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि कोणालाच ठाऊक नव्हतं. फाटकाबाहेरची दुकानं एकेक करत मिटली. मग कधीतरी वरच्यांना पुन्हा साक्षात्कार झाला की या भागाला तळ हवाच. ठेकेदार आले, गवत निघालं, नवे पत्रे चढले, भिंतींना रंग लागला. मामांनी नोकरीची सुरुवात इथेच केली होती. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली असताना त्यांनी स्वतः अर्ज करून इथली बदली मागून घेतली. शहरात घर होतं, मुलगा-सून होती, आणि शाळेत शिकवून निवृत्त झालेली बायको होती. ती म्हणाली, तुम्हाला त्या ओसाड जागेचं प्रेम, तुम्ही जा. मी नातवंडांत रमले आहे. मामा एकटेच आले.

तळ उभा राहिला, पण घोडं दुसरीकडेच अडलं. ज्याची नोकरीची मुदत संपे तो गाशा गुंडाळून चालू पडे. मुदतवाढ घ्यायला कोणी तयार होईना. एक दिवस कमांडर साहेबांनी मामांना केबिनमध्ये बोलावलं. साहेब वयाने लहान, बोलायला मऊ, कायम न झोपल्यासारखे दिसणारे.

"सुभेदार, इमारती मी दुरुस्त करून घेतल्या," ते म्हणाले. "पण माणसं काही ठेकेदार पुरवत नाही. तुमच्या जिभेवर साखर आहे असं ऐकतो. जरा बोलून बघा."

मामा बोलू लागले. बोलणं म्हणजे काय, तर आधी ऐकून घेणं. एकाला तळमजल्यावर क्वार्टर हवी होती, कारण वडिलांचे गुडघे गेलेले. एकाच्या न्हाणीत आल्या दिवसापासून पाणी तुंबत होतं आणि तक्रार कोणीच मनावर घेत नव्हतं. एकाचं हवालदाराशी बोलणं बंद होतं. भांडण कशावरून झालं ते दोघांनाही आठवत नव्हतं. मामांनी क्वार्टर बदलून दिली, प्लंबरच्या मागे भुणभुण लावली, त्या दोघांना एका बाकावर बसवून चहा पाजला. माणसं राहिली. मामांचा उत्साह दुणावला. एवढंच तर हवं असतं माणसाला, ते स्वतःशी म्हणत.

मग पाळी आली मेकॅनिकची. ट्रक आणि जनरेटरांची डिझेल इंजिनं तिच्या हाताखाली होती. अंगाने काटकुळी, बोलणं मोजकं, नखांत कायमचं काळं तेल. नवरा लांब पल्ल्याचे ट्रक चालवायचा. महिन्यातून एकदा उगवायचा आणि बहुतेक वेळ झोपून काढायचा. मुलगी दुसरीत, तिला सगळे चिमणी म्हणत. मेकॅनिकची मुदत संपत आली होती आणि शहरातल्या एका बस कंपनीने तिला नोकरी कबूल केली होती.

मामा वर्कशॉपमध्ये गेले तेव्हा चिमणी एका जुन्या टायरवर बसून पाढे घोकत होती आणि तिची आई इंजिनात डोकं घालून चुका दुरुस्त करत होती.

"माझी काही तक्रार नाही, मामा," मेकॅनिक म्हणाली. "नळाला पाणी आहे, छप्पर गळत नाही. पण पोरगी टायरवर बसून शिकतेय. असं किती दिवस चालणार?"

शाळा तळावर होती. म्हणजे इमारत होती. फळा, बाकं, घंटा, दारावर फुलपाखरंसुद्धा रंगवलेली. फक्त शिक्षक नव्हता. एकाची नेमणूक झाली होती. तो येऊन शाळा बघून गेला तो गेलाच.

"शिक्षिका आणून दिली तर राहशील?" मामांनी विचारलं.

"इथे कोण मरायला येणार?"

शनिवारी बस पकडून मामा घरी गेले आणि जेवण झाल्यावर बायकोसमोर विषय काढला. तिने शांतपणे ताटं उचलली, ओटा पुसला, हात कोरडे केले आणि मग त्यांची चांगलीच खरडपट्टी काढली. उभा जन्म तुमच्या मागून ट्रंका वाहिल्या, आता कुठे एका जागी टेकले, तर हे. शेवटी म्हणाली, "सगळ्या जगाचे मामा झालात, आता मला मामा बनवायला निघालात होय?"

मामा खाली मान घालून ऐकत राहिले. त्या टायरवरच्या मुलीचं त्यांनी एकदाच सांगितलं, पुन्हा काढलं नाही. सकाळी उठून बघतात तर ट्रंक पलंगाखालून बाहेर निघालेली.

मामांची बायको आली, तळावर सगळ्यांच्या 'बाई' झाली आणि शाळा सुरू झाली. सुरुवातीला मूठभर पोरं होती, मग गावातलीही येऊ लागली. बाईंच्या आवाजाची जरब मामांच्या वरताण. मधल्या सुट्टीत त्या ओरडल्या की मैदानावरचे जवानसुद्धा सावधान उभे राहतात, असं मामा कौतुकाने सांगत. चिमणी टायरवरून बाकावर गेली.

मुदतवाढीच्या कागदावर सही करण्याआधी मेकॅनिकने एकच गोष्ट विचारली. "मामा, सही केल्यावर मला इथून हलवणार तर नाहीत?"

मामांनी साहेबांना विचारून ठेवलं होतं. साहेब म्हणाले होते, छे, इथल्यासाठीच तर आपण माणसं राखतोय. तेव्हा मामांनी बिनदिक्कत छातीवर हात ठेवला आणि आपला शब्द दिला. मेकॅनिकने कापसाच्या बोळ्याने बोटं पुसली आणि ट्रकच्या बॉनेटवरच कागद ठेवून सही केली. तिच्या मागोमाग आणखी बऱ्याच जणांनी केली. मेकॅनिक राहतेय म्हणजे काहीतरी पाहूनच राहत असेल, असा त्यांचा हिशेब.

ते महिने मोठे सुखाचे गेले. संध्याकाळी क्वार्टरांसमोर खुर्च्या निघायच्या. फाटकाबाहेर न्हाव्याने दुकान उघडलं, मग शिंप्याने. मुख्यालयातून पाहुणे आले, त्यांनी तळ फिरून पाहिला आणि जवानांसमोर मामांची पाठ थोपटली. इतकी माणसं दुसऱ्या कुठल्याच तळाने टिकवली नाहीत, असं ते म्हणाले. बाईंनी त्या दिवशी नवऱ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहिलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बदल्यांचे हुकूम आले. ज्यांनी ज्यांनी मुदतवाढ घेतली होती, त्यातल्या अर्ध्याअधिकांची नावं त्यात होती. मेकॅनिकची बदली डोंगरातल्या वरच्या चौकीवर होती. तिथे बारमाही बर्फ, आणि कुटुंबाला परवानगी नाही.

मामा तडक केबिनमध्ये गेले. साहेब फोन ठेवतच होते.

"मी भांडून बघितलं, सुभेदार. सकाळपासून तेच करतोय," ते म्हणाले. "वर म्हणतात, तुमच्याकडे माणसं टिकतात. तुमचे सुभेदार आहेत ना, आणखी टिकवतील."

मामांना वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. साहेबांनी नजर वळवली आणि खिडकीतून नव्या रंगाच्या बराकी बघत बसले. त्यांच्यावर ओरडण्यातही अर्थ नव्हता. भिंतीवर डोकं आपटावं तर भिंतसुद्धा आपल्यासारखीच थकलेली, असं काहीसं मामांना वाटलं.

तरी ते थांबले नाहीत. रजा टाकून, इस्त्रीचा गणवेश चढवून मुख्यालयात गेले. दुपारपर्यंत बाकावर बसल्यावर एका तरुण अधिकाऱ्याने आत घेतलं. पोरगा अदबशीर होता. त्याने खुर्ची दिली, पाणी मागवलं, सगळं म्हणणं मध्ये न बोलता ऐकून घेतलं. शब्द दिलाय, हे मामांनी दोनदा सांगितलं. शाळेचं सांगितलं. पोरीचं सांगितलं.

"तुमचं म्हणणं पटतं मला," तो म्हणाला. "पण काका, तुम्हीच सांगा. ज्यांची मुदत संपत आलीय त्यांना चौकीवर पाठवून काय उपयोग? पोचेपर्यंत परतायची वेळ होईल. पाठवायचं म्हटलं तर ज्यांची मुदत वाढलीय त्यांनाच पाठवावं लागणार ना?"

पोराचं चुकत नव्हतं. कुठेच काही चुकत नव्हतं. मामांनी पाणी संपवलं, आभार मानले आणि बस पकडली.

परत आल्यावर ते वर्कशॉपमध्ये गेले. मेकॅनिक ट्रकखाली शिरली होती. बाहेर फक्त तिचे बूट दिसत होते. मामांनी त्या बुटांनाच सगळं सांगितलं. काहीच झालं नाही, जावं लागेल, असं सांगितलं. बूट हलले नाहीत. थोड्या वेळाने खालून हात बाहेर आला आणि तिने पाना मागितला. मामांनी दिला तो चुकीचा निघाला. तिने तो परत दिला नाही, नुसता हातात धरून राहिली.

बाहेर आली तेव्हा डोळे कोरडे होते. "तुम्ही खोटं बोललात असं मी म्हणणार नाही, मामा."

"म्हण ना, पोरी. तुझा हक्क आहे."

"म्हणून काय होणार? हुकूम बदलेल?"

प्रश्न चिमणीचा होता. नवरा ट्रकवर. सासू अंथरुणाला खिळलेली. बस कंपनीने ती जागा केव्हाच भरली होती, आणि भरली नसती तरी सही केलेल्या माणसाला जाता कुठे येत होतं? शेवटी बाईंनीच तोड काढली. पोरगी आमच्याकडे राहील, त्या म्हणाल्या. मेकॅनिकने मान हलवली. हो म्हणण्यावाचून तिच्याकडे काही उरलं नव्हतं, आणि तेच मामांना जास्त लागलं.

त्या रात्री बाई नवऱ्याला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आतल्या खोलीत तिसरी गादी घातली आणि पोरीच्या कपड्यांसाठी कपाटाचा एक कप्पा रिकामा केला.

जायच्या सकाळी ट्रक मैदानावर उभा होता. जाणारे सगळे मामांच्या ओळखीचे. एकूण एक जण त्यांच्याच शब्दावर राहिलेला. त्या तळमजल्यावरच्या क्वार्टरवाल्याने वाकून नमस्कार केला आणि वडिलांकडे लक्ष ठेवा म्हणाला. मामांना वाटलं, एखाद्याने तरी शिवी हासडावी. कोणी हासडली नाही. मेकॅनिकने चिमणीची वेणी सोडून पुन्हा घातली, ती मनासारखी होईना म्हणून पुन्हा सोडली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. पोरगी रडली नाही. बाईंच्या साडीचा पदर तेवढा तिने गच्च धरला होता, तो सोडवायला नंतर बराच वेळ लागला.

मेकॅनिकच्या जागी कोणी आलं नाही. येणार आहे असं कळवण्यात आलं. जनरेटर बंद पडले की साहेब स्वतः बाह्या सरसावून मदतीला जात आणि हात काळे करून परत येत. शाळेतली बाकं रिकामी होत चालली. न्हावी मामांना विचारी, तळ पुन्हा बंद तर होणार नाही ना? मामा म्हणत, नाही रे. आणि म्हणताना आपल्याच जिभेची त्यांना शिसारी येई.

अशात साहेबांनी वायरलेसवाल्या पोराला त्यांच्याकडे पाठवलं. नुकतं लग्न झालेलं, बायको गरोदर, मुदत संपत आलेली. मामांनी दार लावून घेतलं आणि त्याला सरळ सांगितलं की सही करू नकोस. केलीस तर तुला वर पाठवतील, मी काही करू शकणार नाही.

पोरगा हसला. मग मामा थट्टा करत नाहीत हे त्याच्या लक्षात आलं.

"बाहेर तरी काय ठेवलंय, मामा?" तो म्हणाला. "भाऊ दोन वर्षं घरी बसलाय. मी कधीच सही करून टाकलीय. साहेब तुम्हाला फक्त भेटून ये म्हणाले होते."

मामांनी त्याच्याशी हात मिळवला. दुसरं काय करणार? आपल्या शब्दावर कोणी थांबत नाही आणि कोणी जातही नाही, हे त्यांना पुरतं उमगलं. साहेबांकडे जाऊन ते म्हणाले, हे काम माझ्याकडून काढून घ्या. साहेब म्हणाले, कोणाला देऊ?

रविवारी चौकीवरून फोन येई, हवा बरी असेल तर. चिमणी एका दमात सगळं सांगून टाकी: दात पडला, गणितात पैकीच्या पैकी मिळाले, बाई घरी असल्या तरी त्यांना बाईच म्हणावं लागतं. मेकॅनिक हुं हुं करत ऐके. मामा तेवढ्यात काही ना काही निमित्त काढून अंगणात जात. एका रविवारी मात्र पोरीने त्यांना गाठून फोन हातात दिला.

वाऱ्याचा घूं घूं आवाज तेवढा येत होता.

"बोला ना, मामा," मेकॅनिक म्हणाली.

"काय बोलू, पोरी? माझं बोलणं तर तू ऐकलंयस."

"काहीही बोला. इथे कोणी बोलतच नाही. थंडीने तोंड उघडवत नाही."

मामांनी मोठ्या जनरेटरचं सांगायला सुरुवात केली, तो सकाळी कसा खोकत सुरू होतो ते. साहेबांच्या शर्टावर तेल कसं उडालं ते. शिंप्याच्या दुकानात मांजरी व्यायली ते, वर्कशॉपमध्ये कबुतरं परत आल्याचं. पलीकडून हुं येत होतं, मग येईनासं झालं. फोन केव्हा तुटला ते मामांना कळलं नाही. चिमणी शेजारी उभी राहून तोंडाकडे बघत होती, म्हणून ते आणखी थोडा वेळ बोलत राहिले.