तळाखालची वाळू

बोट टेकली तेव्हा फार मोठा आवाज झाला नाही. ओल्या रेतीवरून पाट ओढावा तसं काहीतरी खालून खरखरलं, पुढचं टोक जरा वर उचललं गेलं आणि बसलेले सगळे एकदम पुढे कलंडले. त्या खरखरीत मध्येच एक 'कट्' असा कोरडा आवाज आला. तो बहुतेक गौतमीनं एकटीनंच ऐकला.

तिनं आधी इंजीन बंद केलं. मग पाण्याचे फटके बोटीच्या कुशीवर आपटताना ऐकू येऊ लागले.

"कुनाला लागलं का?" तिनं विचारलं. आवाज तिला स्वतःचा वाटला नाही.

शेजारच्या घरची लीलाबाई गुडघा चोळत होती. "लागलं व्हय! न लागायला काय झालं? सांगत हुते मी, बाईमाणसाच्या हातात बोट म्हंजी…" पण तिचं लक्ष मध्ये अंथरलेल्या घोंगडीकडे गेलं आणि ती गप्प झाली.

घोंगडीवर नथू निजला होता. गौतमीचा सासरा. पहाटेपासून त्याच्या छातीत कळा येत होत्या, घाम थांबत नव्हता, आणि ओठ जांभळट पडले होते. त्याचं डोकं रजनी सिस्टरच्या मांडीवर होतं. रजनी मूळची भुकूमची, लसीकरणासाठी आदल्या दिवशी पलीकडच्या वस्तीवर आलेली. तिनंच सकाळी नथूला बघून सांगितलं होतं, यांना आत्ताच्या आत्ता हलवा. जलाशयाला वळसा घालून जाणारा रस्ता लांबचा, आणि वस्तीवरची जीप सकाळीच निघून गेलेली. मग टेकडीवर चढून, रेंज मिळाल्यावर, तिनं धरणाकडच्या धक्क्यावर ॲम्ब्युलन्स बोलावून ठेवली होती.

"मामा," गौतमी वाकली. "मामा, काय न्हाई झालं. जरा टेकली."

नथूनं डोळे उघडले. "कुटं?"

"ओढ्याच्या तोंडाशी."

नथूनं डोळे पुन्हा मिटले. डोंगरातून येणारा ओढा जिथं जलाशयाला मिळतो तिथं वर्षानुवर्षं वाळू आणि गाळ साचून पट्टा झालाय, हे त्यानंच तिला शिकवलं होतं. मे महिन्यात तो उघडा पडतो, तेव्हा त्याची भीती नसते. मार्चात तो गुडघाभर पाण्याखाली दबा धरून असतो. म्हणून पट्ट्याच्या टोकाला लांब वळसा घालायचा. गौतमी रोज घालायची. आज नथूचा श्वास ऐकत ऐकत तिनं तो वळसा सोडला होता आणि सरळ धक्क्याच्या रोखानं बोट घातली होती.

दादासाहेब उठून उभे राहिले. जमीन विकल्यावर ते अर्धे दिवस पुण्यात आणि अर्धे गावात असायचे. अंगानं भारी, आवाजानं त्याहून भारी. बोट एका बाजूला डुलली.

"खाली बसा दादासाहेब!"

"बसून काय हुतंय? इंजीन उलटं फिरव, मी काठीनं रेटतो. निघंल लगीच. माणूस चाललाय हितं आन् तू बघत काय बसलीस?"

गौतमीचा हात इंजिनाकडे गेलाही. मग तो 'कट्' तिला पुन्हा आठवला.

तिनं घोंगडीच्या पुढची फळी उचलली आणि तळाला हात लावला. कोरडा होता.

"बघ, कोरडं हाय," दादासाहेब म्हणाले. "चल, चल."

कोरडं होतं हेच तिला भिववत होतं. तिच्या लग्नानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या उन्हाळ्यात नथूनं एकदा बोट किनाऱ्यावर पालथी घालून तिला तळ दाखवला होता. वाळूवर टेकलेली बोट लगेच ओढायची नाही, म्हणाला होता. खाली भोक पडलं असलं तर वाळूच ते दाबून धरते. बोट ओढली की वाळू सुटते, आणि मग खोल पाण्यात गेल्यावर कळतं. तेव्हा ते तिनं नुसतं ऐकून घेतलं होतं. बोट आपल्याला चालवावी लागेल असं तिला वाटलंच नव्हतं. पुढे शेखरला, तिच्या नवऱ्याला, हिंजवडीत कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हरचं काम लागलं, तो जांब्यात खोली घेऊन राहू लागला, आणि नथूचे हात थरथरायला लागले. मग रोजची फेरी तिच्याकडे आली.

पट्ट्याच्या मागे, बोटीच्या शेपटापासून थोड्याच अंतरावर, जुन्या नदीचं पात्र होतं. धरण होण्याआधीची नदी जिथून वाहायची ती जागा. तिथला तळ कुणी पाहिला नव्हता.

"सिस्टर, नाडी?"

"आहे. पण वेगात आहे, मध्येच चुकतेय." रजनीनं खालच्या आवाजात सांगितलं. "मला जे देता येत होतं ते सकाळीच दिलं. आता दवाखानाच हवा, गौतमी. जितक्या लवकर होईल तितकं."

गौतमी सासऱ्याच्या तोंडाजवळ गेली. "मामा, काय करू? बघू का खाली, का काढू तशीच?"

नथूनं श्वास गोळा केला. "मला नगं इचारू," तो म्हणाला. मध्ये थांबला. "बोट तुज्याकडं हाय."

तिला रडू फुटेलसं वाटलं. त्यानं 'काढ' म्हटलं असतं तर तिनं डोळे मिटून काढली असती. 'बघ' म्हटलं असतं तर उशीर झाल्याचा दोष तिच्या एकटीवर आला नसता. तिनं दादासाहेबांकडे पाहिलं, लीलाबाईकडे पाहिलं. सगळे तिच्याकडेच बघत होते.

तिनं साडीचा पदर खोचला आणि पाण्यात पाय टाकला.

गौतमीला पोहता येत नव्हतं. ती नांद्याची, शेतीतली. पाणी म्हणजे विहीर आणि मोटारीचा पाइप एवढंच तिला ठाऊक. लग्न होऊन इथं आली ती पाण्याकडे पाठ करून भांडी घासायची. बोट चालवायला लागल्यावरही ती कधी कमरेच्या वर पाण्यात गेली नव्हती. हे नथूला माहीत होतं. बाकी कुणाला तिनं कळू दिलं नव्हतं, कारण कळलं असतं तर तिच्या बोटीत कोण बसलं असतं?

पुढच्या बाजूला पाणी गुडघ्याला लागलं. एका हातानं काठ घट्ट धरून ती सरकत मागे आली. मांड्या, मग कंबर. वाळू पायाखालून निसटत होती. इंजिनाजवळ आल्यावर तिनं चाचपडून पंखा पाहिला. एक पातं वाकलं होतं, पण फिरत होतं. सुकाणूचा दांडा सरळ होता. आणखी एक पाऊल टाकलं तर पायाला काही लागलंच नाही. ती किंचाळली आणि दोन्ही हातांनी काठाला लटकली.

"काय झालं?" वरून रजनी.

"काय न्हाई. काय न्हाई."

तळ बघायचा म्हणजे हात खाली घालायला हवा होता, आणि हात पोचायचा तर डोकं पाण्यात न्यायला हवं होतं. ती पुन्हा उथळ बाजूला आली. नाक दाबलं. आत गेली. कानात गच्च आवाज भरला, डोळ्यांपुढे तांबूस अंधार झाला. बोटं तळावरून फिरली, वाळूत रुतली, आणि घाबरून ती लगेच वर आली. काही लागलं नव्हतं. पुन्हा गेली. पुन्हा वर. वरून दादासाहेब काहीतरी ओरडत होते. "आटप! आटप गं!" असं ऐकू आलं, मग पाणी कानावर आलं.

पुढच्या खेपेला हाताला दगड लागला. घडीव होता, बुडालेल्या शेताच्या बांधाचा असणार. त्याचा कोपरा तळात घुसला होता. त्याच्या बाजूनं बोट फिरवलं तर फायबरची धार बोटाला लागली. चीर होती. वीतभर तरी असेल. तिच्यात वाळू ठासून बसली होती.

ती वर आली तेव्हा तिला धाप लागली होती. बोटातून रक्त येत होतं. "चीर हाय," ती म्हणाली. "तशीच काढली असती तर…"

दादासाहेब ओरडायचे थांबले होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. रजनी नथूवर वाकली होती, आणि लीलाबाई तिच्या शेजारी सरकून बसली होती. सगळे भेदरले आहेत, गौतमीला वाटलं. त्यांच्याकडे नीट बघायला तिला सवड नव्हती.

"लीलामावशी, जुनं फडकं हाय का काय?"

लीलाबाईनं एका शब्दानंही कुरकुर न करता आपलं गाठोडं सोडलं आणि एक लुगडं काढून दिलं. धुऊन घडी घातलेलं, चांगलं होतं. गौतमीनं बोटीत चढून ते टरकावलं, ग्रीसच्या डब्यात बुडवलं, आणि आतून, चिरेच्या अंदाजानं, तळावर दाबून बसवलं. त्यावर फळीचा तुकडा ठेवला.

"दादासाहेब, बोट सुटली की ह्याच्यावर पाय ठिवून उबं ऱ्हायाचं. काय झालं तरी पाय उचलायचा न्हाई."

"बरं," दादासाहेब म्हणाले. इतकंच.

मग तिच्यामागून ते स्वतः धोतर वर घेऊन पाण्यात उतरले. रजनी आणि लीलाबाईनं घोंगडी हळूहळू मागे ओढून घेतली, म्हणजे पुढचा भार कमी झाला. गौतमी आणि दादासाहेब दोघांनी खांदे लावून रेटलं. दगडानं तळ सोडला तेव्हा पुन्हा तोच खरखराट झाला आणि बोट एकदम हलकी होऊन डुलली. दादासाहेब धापा टाकत चढले आणि फळीवर जाऊन उभे राहिले. गौतमीचे पाय तळ सोडून तरंगू लागले होते. लीलाबाईनं तिला दंडाला धरून आत ओढलं.

इंजीन लागलं. पण त्याला थंड ठेवणाऱ्या पाण्याची जी बारीक धार मागून उडायला हवी ती उडेना. आत वाळू गेली होती. असंच चालवलं तर मध्यावर जाऊन जळून बंद पडणार. तिनं ते पुन्हा बंद केलं. लीलाबाईच्या बांगडीतली सेफ्टी पिन घेऊन ती धारेचं भोक टोकरू लागली. पिन दोनदा निसटली. शेवटी वाळूचा गोळा बाहेर आला, इंजीन लागलं आणि धार उडाली.

आता खोल पाणी. वारा सुटला होता, लाटा पांढऱ्या होऊ लागल्या होत्या. फळीच्या कडेनं पाणी झिरपत होतं, दादासाहेबांच्या पायाशी साचत होतं. ते एका हातानं डबा भरून बाहेर टाकत होते, पण पाय उचलत नव्हते. गौतमीनं वेग बेताचाच ठेवला. जोरात नेली तर चीर फाटेल, हळू नेली तर मामा.

"सिस्टर, नाडी हाय ना?"

"तू समोर बघ, गौतमी," रजनी म्हणाली. तिनं नथूचं मनगट धरलेलंच होतं.

लीलाबाई बोलू लागली. कुंपणाच्या वादावरून तिचं नि नथूचं कित्येक वर्षं धड बोलणं नव्हतं. आता ती त्याच्या कपाळावरून हात फिरवत होती. "आलंच बरं का नथूभाऊ. त्यो बगा धक्का दिसाया लागला. तुमची सून लई गुणाची हाय. कशी नेतीय बगा. जरा दम धरा. आलंच."

गौतमीनं समोर बघितलं. धक्का जवळ येतच नव्हता. पाणी दादासाहेबांच्या घोट्यापर्यंत आलं. तिला वाटलं, आता जाणार. आता सगळे जाणार, आणि आपण सगळ्यांच्या आधी. तिनं दांडा दोन्ही हातांनी धरला, आणि लीलाबाईच्या बोलण्यावर कान ठेवला. तेवढा एक आवाज चालू होता तोवर सगळं ठीक होतं.

धक्क्याच्या खालच्या पायऱ्यांना बोट लागली. वर पांढरी ॲम्ब्युलन्स उभी होती. तिनं उडी मारून दोर कडीला बांधला, मागचाही बांधला, आणि वळून म्हणाली, "चला, मामांना उचला."

कुणी हललं नाही. लीलाबाईचं बोलणं थांबलं होतं. रजनीनं नथूचा हात त्याच्या छातीवर ठेवला.

गौतमीला कळलं.

"कधी?"

"तू पाण्याखाली होतीस तेव्हा."

"सांगितलं न्हाई मला."

"नाही सांगितलं," रजनी म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते. "आम्हाला सगळ्यांना पलीकडे यायचं होतं."

"मी सरळ घातली नसती तर? न्हाई तर तशीच काढली असती तर?"

"माहीत नाही मला, गौतमी. खरंच माहीत नाही."

दादासाहेबांनी फळीवरचा पाय उचलला. स्ट्रेचर आणायला ते पायऱ्या चढून वर गेले, रजनी त्यांच्या मागून शेखरला फोन लावत गेली. बोटीत पाणी भराभर येऊ लागलं. घोंगडीची कड भिजली.

गौतमी आत उतरली. डबा उचलला, आणि पाणी उपसू लागली.

लीलाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं पोरी. आता कशाला?"

"मामांची पाठ भिजंल," गौतमी म्हणाली.

लीलाबाईनं तिच्याकडे पाहिलं. मग गाठोड्यातून आपल्या भाकरीचा डबा काढला, भाकरी पायरीवर ठेवली, आणि समोर बसून तीही उपसू लागली.